त्रापानीच्या डोक्यावरचे एरिचे

शुक्रवार : पालेर्मोहून त्रापानीला

इटलीच्या सिसिली बेटाच्या अगदी पश्चिम टोकाला त्रापानी हे जुने बंदर आहे आणि त्याच्या पाठीशी, सपाट किनाऱ्यातून एकाएकी वर उठलेला एक सुटा डोंगर आहे. त्या डोंगराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, एरिचे हे मध्ययुगीन गाव वसलेले आहे. पालेर्मोहून निघालेली बस द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा आणि कापणीनंतर पिवळे पडलेले गव्हाचे उतार मागे टाकत साधारण दोन तासांत त्रापानीला पोहोचते. शेवटच्या टप्प्यात उजव्या हाताच्या खिडकीतून हा डोंगर सतत दिसत राहतो. सप्टेंबरचा शेवट होता. उन्हाळ्यातली गर्दी ओसरली होती, पण ऊन अजून चांगलेच तापत होते.

बहुतेक प्रवासी एरिचे अर्ध्या दिवसात उरकतात. सकाळी रोपवेने वर जायचे, किल्ला पाहायचा, बदामाची मिठाई विकत घ्यायची आणि जेवणाच्या वेळेला खाली उतरायचे, असा तो रिवाज आहे. आम्ही पती-पत्नींनी मात्र वर मुक्काम करायचा आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे खालचा किनाराही सवडीने पाहायचा, असा बेत आखला होता. एरिचेविषयी आधी जे वाचले होते त्यावरून एवढे ध्यानात आले होते की या गावाचा इतिहास गावात थोडा आणि समोरच्या समुद्रात फार घडला आहे. ज्या ज्या सत्तेला हा समुद्र हवा होता, तिने तिने आधी हा डोंगर हाताखाली घेतला. त्यामुळे खालचे न पाहता वरचे पाहणे आम्हाला अपुरे वाटत होते.

त्रापानीचा जुना भाग म्हणजे समुद्रात शिरलेली जमिनीची एक चिंचोळी, विळ्यासारखी वळलेली पट्टी. प्राचीन काळी या बंदराला द्रेपाना म्हणत. रोम आणि उत्तर आफ्रिकेतले कार्थेज यांच्यातील पहिल्या प्युनिक युद्धात, इ.स.पू. २४९ मध्ये, येथेच रोमन आरमाराचा दारुण पराभव झाला. रोमन रिवाजाप्रमाणे लढाईपूर्वी पवित्र मानलेल्या कोंबड्यांना दाणे टाकून शकुन पाहिला गेला. कोंबड्या दाण्याला तोंड लावीनात, तेव्हा सेनापती क्लाउदियुस पुल्खर याने “खात नाहीत तर पिऊ द्या” असे म्हणत त्या समुद्रात फेकायला लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या दिवशी रोमनांची ९३ जहाजे शत्रूच्या हाती पडली. धक्क्यावर उभ्याने मी ही हकीकत वाचून दाखवली, तेव्हा “अगं, कोंबड्यांचं ऐकायला हवं होतं त्यानं,” एवढेच माझे यजमान म्हणाले.

दुपारी पुर्गातोरियोचे चर्च पाहिले. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत निघणारे वीस मूर्तिसमूह वर्षभर येथे ठेवलेले असतात. लाकडाचा सांगाडा, त्यावर सरसात भिजवून ताठ केलेले कापड आणि वर रंग, अशा पद्धतीने घडवलेल्या या मूर्तींत ख्रिस्ताच्या अखेरच्या घटकांतील प्रसंग दाखवलेले आहेत. प्रत्येक समूहाची जबाबदारी शहरातील एकेका व्यवसायाकडे आहे: काटेरी मुकुटाचा प्रसंग भटारखानेवाल्यांचा, क्रूस उभारण्याचा सुतारांचा, तर ख्रिस्ताला थडग्याकडे नेण्याचा मिठागरातील कामगारांचा. हे शहर कशावर उभे राहिले, हे या वाटणीवरूनच कळते.

रात्रीच्या जेवणात येथील प्रसिद्ध कुसकुस होते. रव्यावर पाण्याचा हात मारत, बोटांनी गोल फिरवत त्याचे दाणे वळायचे, छिद्रे असलेल्या मातीच्या भांड्यात ते वाफवायचे आणि वर माशांचा दाट रस्सा घालायचा, अशी त्याची कृती आहे. ट्युनिसचा किनारा येथून रोमपेक्षा जवळ असल्यामुळे असा पदार्थ येथे रोजच्या जेवणात असणे स्वाभाविकच म्हणायचे. यजमान शाकाहारी असल्याने त्यांची सोय टोमॅटो, चीज, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल घातलेल्या पावावर करावी लागली. त्यातली खारवलेली मासळी वगळा, असे मात्र आधी आठवणीने सांगावे लागते.

शनिवार : वर

रोपवेचे खालचे स्थानक शहराच्या कडेला आहे. अंतर साधारण तीन किलोमीटरचे असून दहा-बारा मिनिटांत वर पोहोचता येते, मात्र जोराचा वारा असला की सेवा थांबवतात. या दहा मिनिटांत पायाखाली जणू नकाशा उलगडतो: आधी नव्या वस्तीच्या इमारती, मग विळ्याच्या आकाराचे जुने शहर, त्याच्या दक्षिणेला मिठागरांचे आरशासारखे चौकोन आणि त्यापलीकडे फाविन्याना, लेवान्झो व मारेत्तिमो ही एगादी बेटे. डोंगराच्या पायथ्याशी जी दाट वस्ती दिसते, ती कासा सांता प्रशासनाच्या दृष्टीने एरिचेचाच भाग आहे आणि या नगरपालिकेचे बहुतांश रहिवासी तेथेच राहतात. माथ्यावरच्या जुन्या गावात आता काही शे माणसेच बारमाही उरली आहेत.

गावाचा आकार जवळजवळ त्रिकोणी आहे. रोपवेमधून उतरले की समोर पोर्ता त्रापानी ही वेस लागते आणि वेशीतून आत शिरताच डाव्या बाजूला थोड्या अंतरावर मुख्य चर्च व त्याचा सुटा मनोरा दिसतो. मनोरा चर्चपेक्षा जुना आहे, आणि तो मुळात घंटांसाठी बांधलेला नव्हता, तर टेहळणीसाठी होता. १२८२ मध्ये सिसिलीच्या जनतेने फ्रेंच आंजू घराण्याविरुद्ध उठाव केला आणि स्पेनमधील अरागोनच्या राजघराण्याला बोलावून घेतले. त्यातून पेटलेले युद्ध वीस वर्षे चालले. त्या काळात अरागोन घराण्यातील तिसरा फ्रेडरिक एरिचेत राहत असे आणि शत्रूची जहाजे टिपण्यासाठी या मनोऱ्याचा उपयोग होई. पुढे १३१४ मध्ये त्याच्याच इच्छेने शेजारी चर्च उभे राहिले. देवळाआधी बुरूज, हा क्रम या गावाला शोभणारा आहे.

चर्चचा दर्शनी भाग करड्या दगडाचा, जड आणि अलंकाररहित आहे. एक मोठी वर्तुळाकार खिडकी आणि १४२६ मध्ये पुढे जोडलेला कमानीचा सज्जा, एवढेच काय ते त्याचे वैभव. आत पाऊल टाकल्यावर मात्र एकोणिसाव्या शतकात नव्याने केलेले लोण्याच्या रंगाचे, जाळीदार नक्षीचे छत दिसते. अनेकांना ते फार आवडते. मला बाहेरचा रुक्ष दगड अधिक खरा वाटला. दक्षिणेकडच्या बाहेरील भिंतीत बसवलेले नऊ क्रूस या डोंगरावर प्राचीन काळी असलेल्या व्हीनस या रोमन प्रेमदेवतेच्या मंदिरातील दगडांचे आहेत, असे सांगतात. मनोऱ्यावर चढून गेल्यास गावाची कौलारू छपरे आणि तिन्ही बाजूंचा समुद्र एका नजरेत येतो. गुडघे साथ देत असतील तर हा चढ चुकवू नये.

एरिचेत पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तेथील रस्ते, असे माझे मत झाले आहे. सगळी फरसबंदी एकाच आराखड्याची आहे. गुळगुळीत चिरे लावून लांबट चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीच्या आत छोटे ओबडधोबड धोंडे घट्ट ठोकून बसवायचे, अशी ती रचना आहे. तीव्र उतारावर पाय घसरू नये म्हणून धोंडे उपयोगी पडतात आणि चौकटींमुळे ते जागचे हलत नाहीत. शतकानुशतकांच्या वर्दळीने या चिऱ्यांना अशी झिलई आली आहे की पाऊस पडल्यावर जपूनच चालावे लागते. घरांच्या रस्त्याकडील भिंती जवळजवळ कोऱ्या असतात. खिडक्या कमी, त्याही लहान. घराचे खरे तोंड आतल्या चौकाकडे असते. आम्ही ज्या घरात खोली घेतली होती तेथेही रस्त्यावरच्या कमानीतून आधी चौकात जायचे आणि तेथून दगडी जिन्याने वर, अशीच रचना होती. चौकात जिरॅनियमच्या कुंड्या, कडेला पाण्याचे टाके आणि त्यावर दगडी कठडा. पूर्वी छपरांवरचे पावसाचे पाणी पन्हळींतून या टाक्यात साठवीत, असे घरमालकीणबाईंनी सांगितले. वाऱ्यापासून आडोसा, पाण्याची साठवण आणि परक्याच्या नजरेपासून मोकळीक, या तिन्ही गोष्टी एका चौकाने साधल्या आहेत. कमानीतून डोकावून हे चौक पाहण्याचा मोह होतो, पण ती लोकांची राहती घरे आहेत याचे भान ठेवलेले बरे.

दुपारी गावातल्या छोट्या कोर्दीची संग्रहालयात आन्तोनेल्लो गाजिनी याने १५२५ मध्ये घडवलेले संगमरवरी शिल्प पाहिले. देवदूत मेरीला ख्रिस्तजन्माची वार्ता देतो, तो हा प्रसंग. मेरीच्या वस्त्राच्या चुण्या इतक्या मऊ उतरल्या आहेत की दगडाचा विसर पडतो. त्याच संग्रहालयात इ.स. पूर्व काळातील एका देवीचे लहानसे संगमरवरी मस्तक आहे. ते व्हीनसचे मानतात. ज्या देवतेसाठी हा डोंगर साऱ्या भूमध्य सागरात गाजला, तिची गावात उरलेली मूर्ती म्हणाल तर एवढीच, तळहाताएवढ्या चेहऱ्याची.

संध्याकाळचा चहा मारिया ग्रामातिको यांच्या मिठाईच्या दुकानात घेतला. त्यांची हकीकत एरिचेत सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गरिबीत, वडील वारल्यावर, अकरा वर्षांच्या मारियाला बहिणीसह येथील सान कार्लो मठातील अनाथाश्रमात ठेवण्यात आले. मठातील जोगिणी बदामाची मिठाई करून भिंतीतल्या फिरत्या कपाटातून गिऱ्हाइकाला देत. विकणारीचा चेहरा घेणाऱ्याला दिसत नसे. कृती कोणाला सांगायच्या नाहीत असा मठाचा दंडक होता, त्यामुळे ही मुलगी पहाटेपासून बदाम सोलता-कुटता सारे पाहून पाहून शिकली आणि बाहेर पडल्यावर तिने स्वतःचे दुकान थाटले. येथील जेनोवेसे हा पदार्थ गरम खायचा असतो: खुसखुशीत पातळ आवरण, आत दुधाची दाट मलई आणि वरून पिठीसाखर. बदामाच्या लगद्यात लिंबूवर्गीय फळाचा मुरांबा भरलेली छोटी मिठाई मला त्याहून आवडली, कारण तिच्यात गोडाबरोबर किंचित कडसर चव येते. अंडी न खाणाऱ्यांनी प्रत्येक पदार्थाची चौकशी करून घ्यावी.

सूर्य कलला तशी सहलीची माणसे खाली उतरली आणि पाहता पाहता गाव मोकळे झाले. पहाटेस अंगात स्वेटर लागेल अशी थंडी सुटली होती. खाली त्रापानीत लोक समुद्रात पोहत असताना वर गरम कपडे लागतात, हे सामान भरताना लक्षात असू द्यावे.

रविवार : किल्ला आणि देवी

सकाळी दार उघडले तर समोरचा जिना दिसत नव्हता. समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगराला धडकून वर चढते, थंड होते आणि तिचे ढग गावाच्या गल्ल्यांतच तयार होतात. येथील लोक या धुक्याला व्हीनसची चुंबने म्हणतात. घरमालकीणबाईंच्या मते अकरापर्यंत ते विरणार होते, आणि तसेच झाले. तोवर आम्ही भिंतीला धरून चालल्यासारखे बालिओच्या बागेपर्यंत गेलो आणि तेथून किल्ल्याच्या पायऱ्या चढलो.

व्हीनसचा किल्ला हा गावाच्या आग्नेय टोकाला, तीन बाजूंनी तुटलेल्या कड्यावर उभा आहे. तो बाराव्या शतकात, उत्तर फ्रान्सकडून येऊन सिसिली जिंकलेल्या नॉर्मनांनी बांधला आणि दरवाजावर स्पेनच्या पाचव्या चार्ल्सच्या घराण्याचे राजचिन्ह आहे. आत प्रवेश केल्यावर पुष्कळांची निराशा होते. पडक्या भिंती, गवत, एक खोल विहिरीसारखा खड्डा, रोमन स्नानगृहाचे अवशेष, प्राचीन मंदिराच्या पायाचे काही चिरे, बस. ज्या मंदिराची कीर्ती ऐकून माणूस येथवर चढतो, ते मंदिर शिल्लक नाही. त्याचे दगड किल्ल्यात गेले आणि उरलेले गावात. म्हणून येथे येण्यापूर्वी इतिहास वाचलेला असणे फार गरजेचे आहे, नाहीतर हा किल्ला नुसती पडझड वाटेल.

या डोंगरावर प्रथम वसले ते एलिमी लोक. ते ट्रॉयच्या पाडावानंतर पळून आलेल्यांचे वंशज होत, असे ग्रीक मानीत. त्यांची एक देवी या कड्यावर होती. व्यापारासाठी आलेल्या फिनिशियनांनी तिला आस्तार्ते म्हटले, ग्रीकांनी अफ्रोदिती आणि रोमनांनी व्हीनस. येणाऱ्या प्रत्येकाने पुजेचे नाव बदलले, पण स्थान बदलले नाही. मंदिराच्या आवारात रात्री अग्नी पेटता ठेवीत आणि तो खलाशांना दीपस्तंभासारखा उपयोगी पडे, असे सांगतात. देवीला वाहिलेल्या स्त्रिया येथे असत आणि बंदरात उतरलेले खलाशी नवस फेडायला वर येत. देवीची पाखरे म्हणजे कबुतरे. वर्षातून एकदा ती देवीसह आफ्रिकेला जातात आणि नऊ दिवसांनी परततात, अशी श्रद्धा होती आणि त्यांच्या जाण्याचा व येण्याचा असे दोन उत्सव साजरे होत. समुद्रापलीकडचा तो किनारा येथील लोकांना किती परिचयाचा होता, हे या कबुतरांवरून दिसते.

रोमनांना या देवीचे अगत्य असण्याला राजकीय कारणही होते. ते स्वतःला ट्रॉयच्या इनियासचे वंशज समजत आणि इनियास हा व्हीनसचा पुत्र. म्हणजे एरिचेची देवी ही त्यांच्या दृष्टीने कुळाची माताच ठरली. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने त्रासिमेनो तलावाकाठी रोमन सैन्याची कत्तल केली त्या वर्षी, इ.स.पू. २१७ मध्ये, रोमने एरिचेच्या व्हीनसला मंदिराचा नवस बोलला आणि दोन वर्षांनी कापितोलिनो टेकडीवर ते मंदिर पुरे केले. इ.स.पू. १८१ मध्ये शहराच्या कोलिना वेशीबाहेर तिचे आणखी एक मंदिर झाले. आपल्या शत्रूच्या हाती दीर्घकाळ असलेल्या बेटावरील देवी राजधानीच्या मध्यावर नेऊन बसवणे, यात श्रद्धेइतकाच मुत्सद्दीपणा असावा.

त्याआधीची लष्करी गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. पहिल्या प्युनिक युद्धाच्या अखेरच्या वर्षांत रोमनांनी माथ्यावरचे मंदिर आणि डोंगराचा पायथा, दोन्ही ताब्यात घेतले होते. इ.स.पू. २४४ मध्ये हॅनिबलचा बाप हॅमिल्कार बार्का याने एका धाडसी चालीने मधल्या उतारावरील शहर काबीज केले आणि वर रोमन, खाली रोमन, मध्ये आपण, अशा कोंडीत तो युद्ध संपेपर्यंत टिकून राहिला. दोन्ही बाजूंना उपासमार सोसावी लागली आणि तरीही कोणी कोणाला हलवू शकले नाही. शेवटी निकाल लागला तो समोरच्या पाण्यात. इ.स.पू. २४१ च्या मार्चमध्ये एगादी बेटांजवळ कार्थेजचे रसद घेऊन येणारे आरमार रोमनांनी बुडवले आणि डोंगरावर अजिंक्य राहिलेल्या हॅमिल्कारला तहाची बोलणी करून खाली उतरावे लागले. अलीकडच्या काळात लेवान्झोनजीकच्या समुद्रतळातून त्या लढाईतल्या जहाजांच्या नाळेवर, शत्रूच्या जहाजाला धडक देण्यासाठी बसवलेल्या काशाच्या टकरा वर काढण्यात आल्या आहेत.

धुके विरल्यावर आम्ही किल्ल्याच्या तटाशी उभे राहिलो आणि समोर ती बेटे स्पष्ट दिसू लागली. तेव्हा हॅमिल्कारच्या माणसांनी येथूनच आपले आरमार बुडताना पाहिले असेल का, हा प्रश्न मनात आला. उत्तर कोणी देऊ शकत नाही, पण जागा पाहता ते सहज शक्य आहे. दिवस फार स्वच्छ असेल तर ट्युनिशियाचे बोन भूशिरही दिसते असे म्हणतात. आम्हाला ते दिसले नाही.

रोमन साम्राज्य खचल्यावर मंदिर ओस पडले. अरबांच्या अमलात डोंगराला जबल हमीद म्हणत. मक्केच्या यात्रेहून परतताना ११८४-८५ च्या हिवाळ्यात सिसिलीत आलेल्या इब्न जुबैर या अंदलुसी (मुस्लिम अमलाखालील स्पेनमधील) प्रवाशानेही या डोंगराची आणि त्यावरच्या झऱ्यांची नोंद केली आहे. नॉर्मन सरदार रॉजर याने वेढा घातला असता संत ज्युलियन शिकारी कुत्र्यांसह प्रकटला आणि त्याने शत्रूला पळवून लावले, अशी कथा आहे. त्या संताच्या नावावरून गावाचे नाव मोन्ते सान जुलियानो झाले आणि १९३४ पर्यंत तेच चालले. त्यानंतर प्राचीन नाव परत आणण्यात आले.

किल्ल्याच्या पायथ्याशी कड्याच्या एका सुळक्यावर तोर्रेत्ता पेपोली हा छोटा मनोरा आहे. काउंट आगोस्तिनो पेपोली या विद्याव्यासंगी उमरावाने एकोणिसाव्या शतकात तो स्वतःच्या चिंतनासाठी बांधून घेतला. चित्रात घालायला तो फार देखणा असल्याने एरिचेच्या निम्म्या छायाचित्रांत हाच असतो. मला मात्र त्याच काउंटचे दुसरे काम मोठे वाटते: त्याने आपला संग्रह देऊन खाली त्रापानीत जे वस्तुसंग्रहालय सुरू केले, त्यात तेथील कारागिरांचे पोवळ्यांवरचे अप्रतिम काम जतन झाले आहे.

दुपारी जेवणात बुझियाते घेतले. गवताच्या काडीभोवती पिळून वळलेला हा पास्ता लसूण, बदाम, टोमॅटो आणि तुळशीच्या जातीची बेझिलची पाने एकत्र कुटून केलेल्या वाटणाबरोबर देतात. चीज चालत असेल तर शाकाहारी माणसाला पश्चिम सिसिलीत यासारखे दुसरे जेवण नाही, आणि यजमानांनी ते संध्याकाळीही पुन्हा मागवले.

सोमवार : तट, मठ आणि उतरण

सकाळी गावाच्या ईशान्येकडच्या तटाच्या कडेने पोर्ता स्पादा या वेशीपर्यंत चालत गेलो. तटाचे सर्वांत खालचे थर अवाढव्य, जेमतेम घडवलेल्या दगडांचे असून ते एलिमी काळातले आहेत. त्यावर कार्थेजच्या काळातले नीट घडवलेले चिरे आणि सर्वांत वर मध्ययुगीन बारीक दगडकाम, असा थरांवर थर रचलेला दिसतो. काही चिऱ्यांवर फिनिशियन अक्षरे कोरलेली आहेत; ती कोणी दाखवल्याशिवाय सहसा लक्षात येत नाहीत. या तटाकडे फिरकणारे आमच्याखेरीज कोणी दिसले नाही.

परतताना एका जुन्या मठाच्या दारावर वैज्ञानिक केंद्राची पाटी दिसली. १९६३ मध्ये मूळ त्रापानीचे भौतिकशास्त्रज्ञ आन्तोनिनो झिकिकी यांनी येथे एत्तोरे माजोराना यांच्या नावाने हे केंद्र सुरू केले. माजोराना हे कातानियात जन्मलेले असामान्य प्रतिभेचे शास्त्रज्ञ मार्च १९३८ मध्ये पालेर्मोहून नेपल्सला बोटीने निघाल्यानंतर नाहीसे झाले आणि त्यांचा ठावठिकाणा कधीच लागला नाही. ओस पडलेले मठ दुरुस्त करून त्यांत व्याख्यानगृहे आणि राहण्याच्या खोल्या केल्या आहेत, आणि जगभरातले संशोधक येथे येऊन राहतात. १९८२ मध्ये डिरॅक, कापित्सा आणि झिकिकी या भौतिकशास्त्रज्ञांनी विज्ञानातील गुप्तता संपवावी, असे आवाहन करणारे निवेदन येथूनच काढले. ज्या गावाचे बरेचसे आयुष्य शत्रूवर पहारा ठेवण्यात गेले, तेथून हे आवाहन निघावे, याची मला गंमत वाटली. रिकाम्या मठांचा याहून चांगला उपयोग सुचणे कठीण आहे. नुसत्या मिठाईवर आणि चौकातल्या कुंड्यांवर गाव जगत नाही.

दुपारी बसने खाली उतरलो. वळणावळणाचा घाट आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी रोपवेच पत्करावा.

मंगळवार : मिठागरे

त्रापानीपासून दक्षिणेला पाचेको आणि नूबियापर्यंत समुद्राकाठी मिठागरे पसरलेली आहेत. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारातील अल-इद्रिसी या भूगोलवेत्त्याने बाराव्या शतकात त्रापानीच्या मिठागरांचा उल्लेख केला आहे. १९९५ पासून हा परिसर संरक्षित आहे. तरीही मीठ काढण्याचे काम थांबलेले नाही.

ठाण्याला राहत असल्यामुळे लोकलच्या खिडकीतून मुलुंड-भांडुपची मिठागरे मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत, त्यामुळे बांध, वाफे आणि पांढरे ढीग यांत मला नवल नव्हते. नवल वाटले ते पाणी फिरवण्याच्या व्यवस्थेचे. समुद्राचे पाणी आधी मोठ्या, थंड तळ्यात घेतात. तेथून ते पायरीपायरीने अधिकाधिक उथळ आणि उष्ण वाफ्यांत सोडतात. प्रत्येक टप्प्यावर ऊन आणि वारा पाण्याचा अंश उडवतात, क्षारांचे प्रमाण वाढत जाते आणि शेवटच्या लहान वाफ्यांत मीठ खाली बसते. जेथे उतार अपुरा असे, तेथे पवनचक्कीने आर्किमिडीजचा स्क्रू, म्हणजे पाणी वर ओढणारे मोठे मळसूत्र, फिरवून पाणी वर चढवीत. खारेपणा वाढत गेला की पाण्यात सूक्ष्म शैवाल वाढते आणि वाफे गुलाबी-तांबूस दिसू लागतात. रोपवेमधून जे वेगवेगळ्या रंगांचे चौकोन दिसले होते, त्यांचे कारण हे होते. नूबियाच्या जुन्या मीठघरात छोटे संग्रहालय आहे. तेथील पवनचक्कीची लाकडी दाते असलेली चाके अवश्य पाहावीत.

मिठाचा हंगाम साधारण जुलै ते सप्टेंबर असतो, म्हणजे आम्ही अखेरच्या दिवसांत पोहोचलो होतो. काढलेल्या मिठाचे लांबट ढीग बांधावर रचून ते पावसापासून वाचवण्यासाठी वर मातीची कौले अंथरत होते. दूरच्या तळ्यात रोहित पक्ष्यांचा थवा होता. यजमानांनी नूबियाच्या प्रसिद्ध तांबड्या लसणीची एक वेणी विकत घेतली आणि पुढच्या प्रवासात आमच्या सामानाला तिचा वास लागून राहिला.

येथून वर पाहिले की एरिचेचा माथा ढगात गेलेला असतो किंवा स्वच्छ दिसतो, यावरून उद्याच्या हवेचा अंदाज करता येतो, असे मिठागरावरच्या एका वयस्क कामगाराने खुणांनी आणि थोड्या इंग्रजीत समजावले.

बुधवार : सेजेस्ता

परतीच्या वाटेवर एलिमी लोकांचे मुख्य शहर सेजेस्ता पाहिले. उघड्या टेकाडावर इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले डोरिक, म्हणजे साध्या, भक्कम खांबांच्या ग्रीक शैलीतले, मंदिर जवळजवळ अखंड उभे आहे. ३६ खांब, वर आडव्या तुळया, दोन्ही टोकांना त्रिकोणी भाल. पण छप्पर कधी बसवलेच नाही आणि खांबांवरच्या उभ्या पन्हळीही कोरायच्या राहून गेल्या. पायाच्या काही चिऱ्यांवर, दगड उचलताना दोर अडकवण्यासाठी ठेवलेले गुंड तसेच आहेत, म्हणजे कारागीर शेवटचा हात फिरवायला परतलेच नाहीत. एरिचेच्या कड्यावर मंदिराची नुसती आठवण उरली आहे, तर येथे पुरे न झालेले मंदिर टिकले आहे.

दोन्ही स्थळांना जोडणारी एक हकीकत मात्र येथेच सांगितली पाहिजे. शेजारच्या सेलिनुंते शहराशी भांडण जुंपल्यावर सेजेस्ताने अथेन्सकडे मदत मागितली आणि युद्धाचा खर्च आम्ही करू असे कळवले. खात्री करायला आलेल्या अथेन्सच्या दूतांना एरिचेच्या मंदिरात नेऊन देवीची चांदीची भांडी दाखवण्यात आली. वस्तुतः त्यांचे मोल फारसे नव्हते, पण थाट मोठा होता. शिवाय गावोगावची सोन्याचांदीची भांडी उसनी आणून, तीच एका घरातून दुसऱ्या घरात फिरवत, प्रत्येक यजमानाने दूतांना मेजवान्या दिल्या. दूत दिपून गेले आणि इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सचे प्रचंड आरमार सिसिलीकडे निघाले. बेटावर पोहोचल्यावर सेजेस्ताच्या खजिन्यात केवळ तीस टॅलेंट (टॅलेंट म्हणजे चांदी मोजण्याचे प्राचीन ग्रीक वजन) असल्याचे उघड झाले. दोन वर्षांनी सिराकूजपाशी त्या सगळ्या मोहिमेचा नाश झाला.

वर बार्बारो टेकडीवरचे नाट्यगृह कास्तेल्लामारेच्या आखाताकडे तोंड करून आहे. तेथवर चढायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात किंवा आवारातली छोटी बस घेता येते. सावली अजिबात नाही, तेव्हा पाणी आणि टोपी बरोबर हवी. ज्यांच्याजवळ वेळ थोडा आहे त्यांनी एरिचे आणि सेजेस्ता एकाच दिवसात बसवण्याचा प्रयत्न करू नये. एकच पाहायचे असेल तर मी एरिचे सुचवेन, आणि तेही तेथे किमान एक रात्र काढण्याच्या बोलीवर. आम्हाला सेजेस्ताहून पालेर्मोची बस दुपारी मिळाली.